हरित नॅनोकण आणि जलशुद्धीकरण

१ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. एका मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. पदार्थ इतका सूक्ष्म झाला की त्याचे पृष्ठफळ प्रचंड वाढते. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर भरते. रासायनिक अभिक्रिया पृष्ठभागावर घडत असल्याने दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी नॅनोकण अत्यंत प्रभावी ठरतात. मात्र हे कण तयार करतानाच विषारी रसायने वापरावी लागली, तर एका ठिकाणचे प्रदूषण दुसरीकडे हलवल्यासारखे होते. ‘हरित संश्लेषण’ ही संकल्पना याच विसंगतीतून पुढे आली.

कार्यपद्धती

नॅनोकण पाणी प्रामुख्याने तीन प्रकारे शुद्ध करतात. शून्यसंयुजी लोहाचे कण इलेक्ट्रॉन देतात. त्यामुळे ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या क्लोरिनयुक्त द्रावकांचे विघटन होते आणि विषारी षट्संयुजी क्रोमियमचे तुलनेने निरुपद्रवी त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर होते. लोहाची ऑक्साइडे व ऑक्सिहायड्रॉक्साइडे आर्सेनिकला आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. चांदीचे कण सूक्ष्म प्रमाणात आयन सोडतात व जिवाणूंचा नाश करतात.

अमेरिकेतील लीहाय विद्यापीठात वांग व झांग यांनी १९९७ मध्ये लोहाच्या नॅनोकणांचा क्लोरिनयुक्त प्रदूषकांवरील परिणाम दाखवून दिला. हे कण बनवण्याची रूढ पद्धत सोडियम बोरोहायड्राइड या क्षपणकावर अवलंबून आहे. हे रसायन महाग व विषारी आहे, आणि अभिक्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

पुण्यातील संशोधन

पॉल अनास्तास व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली. त्यानंतर काही वर्षांतच या क्षेत्रातील पायाभूत काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’ या बुरशीच्या साहाय्याने चांदीचे नॅनोकण तयार केले. त्याच गटाने जिरेनियम व कडुनिंबाच्या पानांचा अर्क वापरला. २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकणही मिळवले.

या प्रक्रियेचे तत्त्व सोपे आहे. पानांचा अर्क काढून तो धातूच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला जातो. अर्कातील पॉलिफेनॉल, शर्करा, प्रथिने इत्यादी घटक धातूच्या आयनांचे क्षपण करतात. तेच घटक कणांभोवती आवरण तयार करून ते एकमेकांना चिकटू देत नाहीत. म्हणजे क्षपणक व स्थिरक ही दोन्ही कामे वनस्पतीच पार पाडते. चांदीचे द्रावण पिवळसर तपकिरी होऊ लागले, की कण तयार होत असल्याची खूण पटते.

चहाचा धडा

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका गटाने २००९ मध्ये चहातील पॉलिफेनॉल वापरून, सामान्य तापमानाला लोहाचे नॅनोकण केल्याचे प्रसिद्ध केले. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोडीने या कणांनी एका रंगद्रव्याचे विघटन केले. पुढील अभ्यासांत मात्र अशा पद्धतीने मिळणारा पदार्थ खरोखर शून्यसंयुजी लोह असतो का, याविषयी शंका उपस्थित झाली. अनेकदा तो लोह व पॉलिफेनॉल यांचे जटिल संयुग असल्याचे आढळले. असा पदार्थ उपयोगी असू शकतो, पण त्याची कार्यपद्धती वेगळी असते. म्हणून केवळ ‘हरित’ या नावावर विसंबून न राहता कणांची रचना तपासणे आवश्यक ठरते.

प्रयोगशाळेतून घरापर्यंत

पश्चिम बंगाल व बांगलादेशात रोगजंतूंपासून सुटका व्हावी म्हणून खोदलेल्या कूपनलिकांच्या पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक आढळले आणि कोट्यवधी लोकांपुढे नवे संकट उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम सुचवली आहे. मद्रास आयआयटीतील टी. प्रदीप यांच्या गटाने कायटोसान या जैवबहुवारिकाच्या जाळीत धातूंच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे नॅनोकण बसवले. कायटोसान कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून मिळते. ही निर्मिती पाण्यातच, जवळजवळ सामान्य तापमानाला होते. २०१३ मध्ये या गटाने चांदीचे नॅनोकण असलेल्या अशा संमिश्राविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. आर्सेनिक काढणारे लोहाधारित रूप ‘अमृत’ या नावाने ओळखले जाते. कण दाण्यांमध्ये घट्ट अडकलेले असल्याने ते पिण्याच्या पाण्यात सहज मिसळत नाहीत, हे या रचनेचे मोठे वैशिष्ट्य आहे.

मर्यादा

वनस्पतीतील घटकांचे प्रमाण जात, ऋतू व जमिनीनुसार बदलते. त्यामुळे प्रत्येक वेळी एकसारखे कण मिळवणे कठीण असते. अर्क काढण्यासाठी लागणारी उष्णता, धातूचे क्षार आणि वापरानंतर उरणारा आर्सेनिकयुक्त गाळ यांचाही हिशेब मांडावा लागतो. मोकळे सोडलेले चांदीचे कण सांडपाणी शुद्ध करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनाही अपाय करू शकतात. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी व रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग यांनी २००४ च्या अहवालात पुरेसे संशोधन होईपर्यंत भूजल शुद्धीकरणासाठी मोकळे नॅनोकण सोडू नयेत, अशी शिफारस केली होती. सारांश, एखादी पद्धत हरित आहे की नाही, हे केवळ कच्च्या मालावरून ठरत नाही. निर्मिती, वापर व विल्हेवाट या तिन्ही टप्प्यांची कसोटी तिला द्यावी लागते.