दबलेले फुप्फुस : रोग आणि उपाय

कल्याणची खाडी ओलांडून भिवंडीच्या वाटेला लागले, की कोन गाव लागते. पलीकडच्या कल्याणशी डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव जोडलेले आहे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी घेतली, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यास त्यांचा अंत झाला. वय अवघे एकवीस. ही कथा श्रोत्यांस ठाऊक आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते तिच्या शेजारचे. त्या परदेशी जाण्यापूर्वीच्या वर्षी, १८८२ साली, बर्लिनमध्ये कॉखने क्षयाचा जंतू दाखविला. आणि त्याच वर्षी इटलीत कार्लो फोर्लानिनी ह्या वैद्याने असे सुचविले, की क्षयी फुप्फुस मुद्दाम दाबून टाकावे!

हे ऐकून कोणीही चमकेल. कारण फुप्फुस दबणे हे तर संकट. फुप्फुसाचा स्वभाव आकसण्याचा, बरगड्यांचा बाहेर फाकण्याचा. दोहोंमधल्या आवरणाच्या फटीत हवा नसते, आणि तेथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो; म्हणून फुप्फुस पसरलेले राहते. कोठे भोक पडून त्या फटीत हवा शिरली, की ते आकसते. मराठीत ह्यास वातवक्ष म्हणतात. इतार ह्या फ्रेंच वैद्याने १८०३ साली ह्या विकारास नाव दिले. १८१९ साली लाएनेकने त्याची खूण सांगितली : छातीवर बोटाने ठोकले तर नाद पोकळ, आणि नळी लावली तर श्वास ऐकू येत नाही. हा लाएनेकही पुढे क्षयानेच गेला.

परंतु क्षयरोग्यांत कधीकधी उलटे घडे. फुप्फुस आपोआप दबले, आणि रोग्याचा ताप व खोकला उतरू लागला. मोडलेल्या हाताला फळी बांधून स्वस्थ ठेवतात, तशी विश्रांती सडलेल्या फुप्फुसाला मिळते, हा फोर्लानिनीचा तर्क. १८९४ साली त्याने आपले अनुभव जाहीर केले. पुढे ह्या उपचाराचे नाव ‘ए. पी.’ असे पडले. बरगड्यांमधून सुई घालून, दाब मोजीत, फटीत हवा सोडावयाची. ही हवा शरीर शोषून घेते, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी ती पुन्हा भरावयाची. आणि हे दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक. मिरज, पाचगणी ही नावे महाराष्ट्रात घरोघर झाली ती क्षयाच्या आरोग्यधामांमुळे आणि ह्याच काळात.

गुण किती आला? आमच्या मते ह्या उपचाराची कसोटीच नीट झाली नाही. ज्यांची आवरणे चिकटलेली, त्यांना तो करताच येत नसे. म्हणजे निवडक रोगीच हिशेबात येत. फटीत पाणी होई, पू होई. प्रत्येक वेळी क्ष-किरणांखाली पाहणे आले, आणि त्याची झळ फार उशिरा कळली : अशा तपासण्या वारंवार झालेल्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो, हे कॅनडातील मॅकेन्झीने १९६५ साली मांडले. तोवर उपचार मागे पडला होता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. आणि गोळ्या-इंजेक्शने नेमाने घेतली तर रोगी घरी राहूनही तितकाच बरा होतो, असे मद्रासच्या प्रयोगाने १९५९ साली दाखविले. आरोग्यधामांतील खाटांची मातब्बरी तेव्हाच संपली.

दबलेले फुप्फुस मात्र राहिले, पुन्हा निव्वळ रोग म्हणून. उंच, सडपातळ तरुणांत फुप्फुसाच्या शेंड्यावरचा लहानसा फोड फुटून ते होते. विडी-सिगारेटने धोका वाढतो. दमा, जुना खोकला, छातीचा मार ही आणखी कारणे. आणि क्षय आहेच. कोन-भिवंडीच्या पट्ट्यात मागांच्या दाटीत, एका खोलीत अनेक माणसे राहतात तेथे, तो पसरावयास वेळ लागत नाही. तेव्हा एका बाजूला एकाएकी कळ येऊन दम लागला, तर ती ‘वायूची कळ’ म्हणून शेक घेत बसू नये. भोकाची झडप होऊन हवा आत शिरते पण बाहेर पडत नाही, असेही होते. मग हृदयावर दाब येतो, आणि सुई टोचून ती हवा तत्काळ सोडावी लागते.

थोडी हवा असेल तर नुसती देखरेख पुरते. अधिक असेल तर सुईने ओढून काढतात, नाहीतर काखेखाली बरगड्यांमधून नळी घालून तिचे टोक बाटलीतील पाण्याखाली ठेवतात. ही युक्ती हँबुर्गच्या ब्यूलाउची, एकोणिसाव्या शतकातली. हवा पाण्यातून बुडबुड्यांनी बाहेर जाते. पाणी तिला परत येऊ देत नाही. पुन्हा पुन्हा होत असेल तर शस्त्रक्रिया. एरवी बुडबुडे थांबले आणि क्ष-किरणांत फुप्फुस पसरलेले दिसले, की नळी काढून घेतात.