गोदामातली घाण आणि कायद्याचा एक शब्द

रेशनच्या धान्यात उंदराच्या लेंड्या निघाल्या की आपण काय करतो? निवडतो, धुतो, शिजवतो. कुणी आजारी पडलं नाही, तर तक्रार कशाची करायची, असं आपल्यालाच वाटतं.

अमेरिकेच्या १९३८ च्या अन्न कायद्याने हा प्रश्नच उलटा केला. अस्वच्छ जागेत ठेवल्यामुळे अन्न दूषित झालेलं 'असू शकतं', एवढं पुरेसं. ते भेसळयुक्त ठरतं. मग सरकार थेट त्या मालावरच खटला भरून तो जप्त करू शकतं. मालकही सुटत नाही. एक्मे मार्केट्सच्या बाल्टिमोरमधील गोदामात उंदीर आढळले, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष जॉन पार्क यांना व्यक्तिशः दोषी धरलं गेलं. १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. दंड फक्त २५० डॉलर. पण 'हाताखालच्यांनी केलं' ही पळवाट बंद झाली.

आपल्या १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात मात्र अन्न दूषित 'झालेलं' असावं लागे. २००६ च्या कायद्याने अस्वच्छ जागेत ठेवलेलं अन्न असुरक्षित अन्नाच्या व्याख्येत घेतलं, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला जप्तीचा अधिकारही दिला. हा अधिकार वस्तीतल्या किती जणांना माहीत आहे?

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मांडला, तसंच मेलेल्या जनावराचं मांस सोडायलाही सांगितलं. मिळेल ते गिळायचं नाही, हा त्याचा अर्थ. म्हणून धान्य निवडत बसण्याआधी आपण लेखी तक्रार करू, गोदामाची तपासणी मागू. रेशन ही भीक नाही, हक्क आहे; आणि हक्काचं अन्न स्वच्छच असलं पाहिजे.

जय भीम!