कापून आलेली गाडी : अमेरिकेतील टर्बो इंजिनबदलाचा इतिहास

अमेरिकेत एका गाडीचे इंजिन काढून दुसऱ्या गाडीत बसवण्याची प्रथा जुनी असली, तरी ज्या गाडीतून इंजिन घ्यायचे त्या गाडीची, म्हणजेच डोनर गाडीची, पारख करणे ही कितीतरी नंतरची विद्या आहे. फोर्ड कंपनीने 1932 मध्ये 65 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन स्वस्त गाडीत आणल्यावर कॅलिफोर्नियातील हौशी तरुणांनी अपघातग्रस्त गाड्यांतून ती इंजिने काढून मॉडेल टी आणि मॉडेल ए यांसारख्या हलक्या, जुन्या गाड्यांत बसवण्यास सुरुवात केली. त्या काळी इंधन कार्ब्युरेटरमधून येई, ठिणगी डिस्ट्रिब्युटर देई आणि दोन्ही कामे यांत्रिक असल्याने इंजिन आपल्या मूळ गाडीवर फारसे अवलंबून नसे. सांगाड्यावर ते टेकवण्याची सोय झाली आणि गिअरबॉक्स जुळला, की काम बहुतांशी उरकत असे. 1955 मध्ये शेव्हरोलेचे आटोपशीर व्ही-8 बाजारात आल्यावर पसंतीचे इंजिन बदलले, पण निवडीची रीत बदलली नाही. जवळच्या भंगारवाड्यात काय पडले आहे आणि ते किती पैशांत मिळते, एवढ्यावरच निवड होत असे.

ही रीत मोडली ती इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रणाने, आणि टर्बो इंजिनांच्या बाबतीत तर ती पुरतीच मोडली. टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका चक्राला फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने 1905 मध्येच या कल्पनेचे पेटंट घेतले होते आणि 1962 मध्ये ओल्डस्मोबिल व शेव्हरोले यांच्या प्रवासी गाड्यांत ती प्रत्यक्ष विक्रीला आली होती. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करण्यासाठी वाटेत इंटरकूलर लागतो. हवा वाढली की त्या प्रमाणात इंधनही वाढवावे लागते आणि ठिणगीची वेळ चुकली तर पिस्टन फुटतो. ही सगळी गणिते 1980 च्या दशकात एका छोट्या संगणकाकडे गेली, आणि त्या संगणकाला हवेचे मापन करणारा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर व त्यांना जोडणारे अनेक तारांचे वायरिंग लागू लागले. साहजिकच नुसते इंजिन विकत घेणे म्हणजे अर्धवट वस्तू विकत घेणे ठरू लागले, आणि इंजिनाऐवजी त्याची अख्खी गाडी पाहण्याची गरज निर्माण झाली.

या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण निसानच्या एस-13 या चेसिसचे आहे. जपानमध्ये ही गाडी 1988 मध्ये सिल्व्हिया या नावाने आली आणि जानेवारी 1991 पासून तिला एसआर-20-डीईटी हे 1998 सीसीचे, 205 अश्वशक्तीचे टर्बो इंजिन मिळाले. अमेरिकेत मात्र तीच चेसिस 240-एसएक्स या नावाने विकताना कंपनीने तिच्यात 2.4 लिटरचे टर्बोविरहित केए-24 इंजिन घातले, जे तिच्याच पिकअप ट्रकमध्येही वापरले जात होते आणि ज्याची शक्ती आरंभी 140, तर 1991 पासून 155 अश्वशक्ती होती. मागच्या चाकांना गती देणारी, हलकी आणि वळणावर चपळ अशी गाडी हाती देऊन तिच्यात ओझे वाहणारे इंजिन घालणे हा निर्णय व्यापारी दृष्टीने समजण्यासारखा असला, तरी वाहनप्रेमींना तो कायम खुपत राहिला. कारण ती चेसिस ज्या इंजिनावर शोभली असती, ते जपानमध्ये अस्तित्वात होते आणि जवळजवळ काहीही न कापता-जोडता तिच्यात बसत होते.

ते इंजिन अमेरिकेत पोहोचले ते दोन देशांच्या कायद्यांमुळे. जपानमध्ये शाकेन नावाची सक्तीची वाहन-तपासणी असते. नव्या खासगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी व पुढच्या दर दोन वर्षांनी होते, आणि 1995 पर्यंत तर दहा वर्षांहून जुन्या गाडीला ती दरवर्षी करावी लागे. तपासणी, कर, विमा आणि दुरुस्ती यांचा एकत्रित खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने इतका जड होई, की चालू स्थितीतील गाडीसुद्धा मालक मोडीत काढत असे. दुसरीकडे अमेरिकेच्या 1988 च्या कायद्याने तेथील सुरक्षा-मानकांत न बसणाऱ्या परदेशी गाड्यांची आयात अशक्यप्राय केली आणि केवळ 25 वर्षांहून जुन्या गाड्यांना त्यातून सूट दिली. पूर्ण गाडीला दार बंद, पण सुट्या भागांना मात्र उघडे, अशी ही स्थिती होती. त्यातून निघालेली वाट म्हणजे फ्रंट क्लिप : गाडी पुढच्या काचेच्या आसपास आडवी कापायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, संगणक, इंटरकूलर, बॉनेट व दिवे यांसह तिचा पुढचा भाग कंटेनरमध्ये भरून पाठवायचा. मलेशियात हाच माल हाफ-कट म्हणून ओळखला जातो. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण कॅलिफोर्नियातील आयातदारांनी या व्यापारावर आपले बस्तान बसवले.

क्लिप पाहून घेणे ही एक स्वतंत्र कला होती. केवळ इंजिनाचे नाव ऐकून व्यवहार करणारा फसण्याची शक्यता फार, कारण एसआर-20-डीईटी हेच नाव ब्लूबर्ड आणि पल्सर जीटीआय-आर यांतील इंजिनांनाही होते. ती इंजिने चेसिसमध्ये आडवी बसवलेली असत आणि उभे इंजिन मागणाऱ्या 240-एसएक्सला ती निरुपयोगी होती. खुद्द सिल्व्हियाच्या घराण्यातही फरक होते : एस-13 मधील इंजिनाला टी-25 जातीचा छोटा टर्बो असे, तर 1993 मध्ये आलेल्या एस-14 ला मोठा टी-28 टर्बो आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा मिळून 220 अश्वशक्ती मिळाली. 1999 च्या एस-15 मध्ये ती 250 वर गेली, पण तिचा सहा गतींचा गिअरबॉक्स जुन्या पाच गतींच्या गिअरबॉक्सइतका दणकट मानला जात नव्हता. इंजिनावरील झाकणाच्या लाल किंवा काळ्या रंगावरून खरेदीदार वाद घालत. एस-13 पुरते पाहिले तर हा वाद बव्हंशी रंगाचाच होता. शहाणा ग्राहक त्याऐवजी सिलिंडरमधील दाब मोजून घेई, टर्बोचा दांडा हाताने हलवून त्यात खेळ किती आहे ते पाही, तेलाच्या झाकणाखाली गाळ साचला आहे का हे तपासे आणि सर्वांत आधी वायरिंग कुठे कापले गेले आहे याची चौकशी करी, कारण घाईने करवत फिरवलेल्या क्लिपमध्ये वायरिंगचाच बळी जात असे.

जपानी गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे क्लिपमधील स्टिअरिंग यंत्रणा अमेरिकन ग्राहकाच्या उपयोगाची नसे. उलट पुढचा पत्रा आणि दिवे मात्र त्याला हवेहवेसे वाटत, कारण 240-एसएक्सचे दिवे बॉनेटमधून वर उचलले जाणारे होते आणि सिल्व्हियाचे स्थिर. इंजिनासोबत गाडीचा चेहराही बदलता येत होता, आणि कित्येकांनी क्लिप निवडताना इंजिनाइतकेच महत्त्व पत्र्याला दिल्याचे दिसते.

या सगळ्या व्यवहारात एक विसंगती होती. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार बदललेले इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते, त्याच्यासोबत प्रदूषण-नियंत्रणाची सर्व मूळ साधने यावी लागतात आणि ते इंजिन अमेरिकेत प्रमाणित झालेल्या वाहनातील असावे लागते. एसआर-20 चे टर्बोविरहित रूप सेंट्रासारख्या गाड्यांतून अमेरिकेत विकले गेले होते, टर्बोचे रूप कधीच नाही. म्हणजे प्रदूषणाचे कायदे जिथे सर्वांत कडक, त्याच राज्यात रस्त्यावर कायदेशीर न ठरणाऱ्या इंजिनांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. शर्यतीच्या बंदिस्त मैदानावर ही अडचण येत नसे, आणि 2003 मध्ये जपानची डी-1 ही ड्रिफ्टिंगची, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत नेण्याची, स्पर्धा कॅलिफोर्नियातील अर्विनडेल येथे भरल्यावर एस-13 आणि तिच्या इंजिनाची मागणी एकदम चढली.

नेमक्या त्याच सुमारास पुरवठ्याचा उगम आटत होता. निसानने सिल्व्हियाचे उत्पादन ऑगस्ट 2002 मध्ये थांबवले होते, आणि जपानमध्येही ड्रिफ्टिंगमुळे जुन्या सिल्व्हियांना मागणी असल्याने त्या सहजासहजी मोडीत निघेनाशा झाल्या. काहींनी मूळ केए-24 वरच टर्बो चढवला. त्याचा लोखंडी ब्लॉक मजबूत असला, तरी 9.5 : 1 हे त्याचे दाब-गुणोत्तर एसआरच्या 8.5 : 1 हून जास्त असल्याने इंधन-नियंत्रणात अधिक सावधगिरी लागत असे. इतर अनेक जण जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेतील व्ही-8 कडे वळले, जी 1999 नंतरच्या पिकअप ट्रकमधून विपुल मिळत होती आणि जिच्यासाठी पुन्हा गावातला भंगारवाडा पुरेसा होता. पुढे 2016 मध्ये टर्बो एसआर इंजिनाच्या पहिल्या एस-13 ना पंचवीस वर्षे पूर्ण झाली आणि त्या अख्ख्या अमेरिकेत आणता येऊ लागल्या. अखंड गाडीलाच ग्राहक मिळू लागल्यावर, तिच्यावर करवत चालवण्यात आयातदाराला पूर्वीसारखा फायदा राहिला नाही.