खटारा, हातगाडी, टेम्पो : मुंबई बंदरातील भाड्याची मालवाहतूक

बंदराच्या शहरात गाडी भाड्याने ठरवणारा मनुष्य वरवर पाहता अंतराचे पैसे मोजत असतो. परंतु मुंबईतील या व्यवसायाचा गेल्या दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर खरा वाद अंतरावरून फारसा झालेला दिसत नाही. तो झाला माल चढवायचा कोणी आणि उतरवायचा कोणी, यावरून.

लांब पल्ल्याच्या वाहतुकीत हा प्रश्न फार पूर्वीच सुटला होता. घाटावरचा माल लमाण आणि वंजारी यांच्या बैलांच्या पाठीवरून कोकणात उतरत असे, आणि १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता चाकांच्या गाड्यांना खुला झाल्यावर तो पनवेलपर्यंत गाडीने व तेथून खाडीमार्गे मचव्याने मुंबईला येऊ लागला. अशा व्यवहारात हुंडेकरी असे, म्हणजे वाटेतील जकात, नासधूस आणि मजुरी यांची जबाबदारी अंगावर घेऊन एकरकमी मोबदल्यात माल मुक्कामी पोचवणारा मक्तेदार. त्याच्याशी बोली झाली की बैल कोणाचे आणि हमाल कोणाचे, याची चौकशी मालधन्याला करावी लागत नसे. शहरातल्या शहरात, धक्क्यावरून वखारीपर्यंतच्या एखाद्या मैलासाठी, असा मक्तेदार धरणे कोणालाच परवडण्यासारखे नव्हते.

या एखाद्या मैलाचे महत्त्व वाढले ते कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला आलेली तेजी आणि १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा यांनी बंदरावरचा भार अफाट वाढवला; १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. तोवर मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि पडावांतून, म्हणजे माल वाहणाऱ्या उघड्या होड्यांतून, त्यांचा माल निरनिराळ्या बंदरांवर उतरे. गोदी झाल्यावर तो मोजक्या दरवाजांतून बाहेर पडू लागला आणि मांडवी, चिंचबंदर, मशीद बंदर या वखारींच्या वस्त्यांकडे जाणारे रस्ते खटाऱ्यांनी भरून गेले.

खटारा म्हणजे दोन चाकांची, बैलजोडीची जड मालगाडी. गाडीवानाचे काम बैल हाकण्याचे; गर्दीच्या धक्क्यावर जनावरे सोडून गोणी उचलायला जाणे त्याला शक्यही नव्हते आणि त्याच्या दृष्टीने ते त्याचे कामही नव्हते. ओझे उचलण्यासाठी हमालांची टोळी वेगळी, तिचा मुकादम वेगळा आणि तिची मजुरीही वेगळी, त्यामुळे एका खेपेसाठी मालधन्याला दोन ठिकाणी घासाघीस करावी लागे. हे हमाल प्रामुख्याने सातारा, पुणे अशा घाटावरच्या जिल्ह्यांतून आलेले होते. बैलांचे हाल हा शहरातील चर्चेचा स्वतंत्र विषय होता. परळला सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने, जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. त्या मानाने गोणी वाहणाऱ्या माणसाच्या मानेची आणि पाठीची दखल घ्यायला शहराने बराच उशीर केला.

हातगाडीने ही विभागणी मोडली. लांब फळ्यांची आणि दोन मोठ्या चाकांची ही गाडी एकाने पुढून ओढायची आणि एकदोघांनी मागून रेटायची. वजन बरोबर आसावर तोलले गेले नाही तर ती एक तर पुढे कलंडते किंवा ओढणाऱ्याला उचलून धरते, म्हणून माल रचण्याचे काम ओढणाऱ्यांनीच करणे सोयीचे असे. येथे गाडीबरोबर माणूस आणि माणसाबरोबर त्याची हमाली एकाच बोलीत मिळू लागली. तबेला नाही, वैरण नाही आणि बैलजोडी वळणार नाही अशा गल्लीतही शिरकाव, या कारणांमुळे मशीद बंदरच्या बाजारात ती मोटारींच्या युगातही टिकून राहिली.

१९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनीने हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने तीनचाकी मालगाडी मुंबईत, गोरेगावला, तयार करायला सुरुवात केली आणि लहान मालवाहू गाडीला मराठीत कायमचे नाव मिळाले. टेम्पोचालक मात्र जुन्या खटारेवाल्याच्याच जागी बसला: तो हाकणार, उचलणार नाही. याच सुमारास अण्णासाहेब पाटील यांनी हमालांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. माथाडी म्हणजे डोक्यावर, पाठीवर ओझे वाहणारा कामगार. कायद्याने व्यापारी, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे नेमण्याची तरतूद केली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील अधिभार मंडळात भरायचा आणि मंडळाने कामगाराला वेतनासह भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. टोळीच्या मुकादमाच्या हातातून हिशेब काढून घेणारी ही सुधारणा, तिच्यातील पुढचे दोष मान्य करूनही, देशात अपूर्व होती.

वाद मात्र मिटला नाही, त्याची जागा बदलली. वाराई, म्हणजे माल वाहनात रचण्याची व उतरवण्याची मजुरी, पुष्कळ ठिकाणी वाहनमालकाच्या भाड्यातून कापली जाऊ लागली, आणि त्यावर राज्यातील मालवाहतूकदारांनी ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही घोषणा देऊन आंदोलने केली. दरम्यान घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले, १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरने गोदीतील गोणी उचलण्याचे कामच बव्हंशी संपवले.

उरले ते लहान भाडे. २००५ मध्ये आलेली टाटा एस, जिला बाजाराने ‘छोटा हत्ती’ म्हटले, आज नाक्यावर उभी असते ती दुकानाच्या मालासाठी तशीच बिऱ्हाड हलवण्यासाठीही. तेथे मंडळ नाही, मुकादम नाही. चालक आधी मजला विचारतो, लिफ्ट आहे का ते विचारतो, कपाटे किती ते विचारतो, आणि हे सगळे झाल्यावर जायचे कोठे याकडे वळतो.