कबुली, दिलगिरी आणि प्रेक्षक : निक्सन-फ्रॉस्ट मुलाखतीकडे पुन्हा पाहताना

रिचर्ड निक्सन आणि डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या १९७७ मधील दूरचित्रवाणी-मुलाखतीविषयी आज जे सर्वसाधारणपणे ठाऊक असते, ते बहुतांशी पीटर मॉर्गन यांच्या नाटकातून किंवा त्यावर बेतलेल्या चित्रपटातून आलेले असते. या कथेचा सांगाडा सुटसुटीत आहे. मनोरंजनाच्या कार्यक्रमांत रमलेला, उथळ वाटणारा एक इंग्रज मुलाखतकार. त्याच्यासमोर मुरब्बी, पदच्युत, तरीही न वाकलेला माजी अध्यक्ष. सुरुवातीच्या फेऱ्यांत मुलाखतकाराची दाणादाण, अखेरच्या फेरीत अध्यक्षांचा पाडाव. मग कॅमेऱ्याने जवळून टिपलेला तो खचलेला चेहरा आणि राष्ट्राला अखेर मिळालेली कबुली. नाट्यगृहातून प्रेक्षक हलका होऊन बाहेर पडतो. ४ मे १९७७ च्या रात्री आपापल्या घरी संचासमोर बसलेला अमेरिकन प्रेक्षक असाच हलका झाला होता काय, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. उपलब्ध पुरावा पाहता उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. मग त्या रात्रीला हा हलकेपणा नंतर कोणी आणि का बहाल केला, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकांचे काम ठरते.

त्या मुलाखतीवर एवढा भार का पडला, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला आणि महिन्याभरातच, ८ सप्टेंबर रोजी, त्यांचे उत्तराधिकारी जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी देऊन टाकली. त्यांचे निकटचे सहकारी हॉल्डमन, एर्लिकमन आणि मिचेल न्यायालयात दोषी ठरले, पण ज्यांच्यासाठी हे सारे घडले त्यांची उलटतपासणी कधी झालीच नाही. न्यायालयाची ही रिकामी जागा एका दूरचित्रवाणी-कार्यक्रमाने भरून काढायची होती, आणि तीही पैसे मोजून. निक्सन यांना सहा लाख डॉलर आणि नफ्यात वाटा ठरला होता. मोठ्या वाहिन्यांनी अशी विकत घेतलेली मुलाखत नाकारली. तेव्हा फ्रॉस्ट यांनी स्वतः पैसा उभा करून देशभरातील स्थानिक केंद्रांची मोट बांधली. साक्षीदाराने साक्षीचे मानधन घ्यावे आणि ज्युरीने मधूनमधून जाहिराती पाहाव्यात, असा हा खटला होता. तरीही पहिला भाग सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिला. राजकीय मुलाखतीला एवढा प्रेक्षकवर्ग तोवर लाभलेला नव्हता.

निक्सन यांना प्रेक्षक हे प्रकरण नवे नव्हते. किंबहुना त्यांची सारी कारकीर्द दूरचित्रवाणीवरील प्रतिक्रियांच्या हिंदोळ्यावर झुललेली दिसते. २३ सप्टेंबर १९५२ रोजी, समर्थकांनी जमवलेल्या १८ हजार डॉलरांच्या निधीवरून उपाध्यक्षपदाची उमेदवारी जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी थेट संचासमोरच्या लोकांशी बोलून बाजी उलटवली. आपली मिळकत, कर्ज, पत्नीचा साधा कापडी कोट यांचा पाढा वाचून झाल्यावर ते आपल्या लेकींना भेट मिळालेल्या चेकर्स नावाच्या कुत्र्यावर आले आणि तो काही केल्या परत करणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. निर्णय त्यांनी श्रोत्यांवर सोपवला : पक्षाच्या समितीला कळवा. तारांचा आणि पत्रांचा लोंढा लोटला, उमेदवारी वाचली. १९६० च्या केनेडींबरोबरच्या वादविवादाची दंतकथा तर सर्वश्रुतच आहे. ज्यांनी तो रेडिओवर ऐकला त्यांना निक्सन सरस वाटले आणि ज्यांनी पाहिला त्यांना केनेडी, असे पाठ्यपुस्तकांतूनही शिकवले जाते. या विधानाचा आधार प्रामुख्याने एका छोट्या पाहणीचा आहे आणि तिच्या नमुन्याविषयी अभ्यासकांनी पुढे पुष्कळ शंका घेतल्या, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. प्रेक्षकांची प्रतिक्रिया ही अशी निसरडी वस्तू आहे. ती घडते एकदा आणि सांगितली जाते शंभरदा. सांगताना तिला कथेचा आकार येत जातो.

आता ४ मे. या भागात वॉटरगेटच तेवढे होते. येथे एक तपशील महत्त्वाचा. चित्रण २३ मार्चपासून सुरू झाले, ते अठ्ठावीस तासांहून अधिक चालले आणि त्यात वॉटरगेट शेवटच्या टप्प्यात आले. प्रक्षेपणात मात्र ते सर्वांत आधी दाखवण्यात आले. म्हणजे नाटकात जो उत्कर्षबिंदू आहे तो १९७७ च्या प्रेक्षकाला आरंभीच भेटला, आणि त्यानंतरच्या भागांत परराष्ट्र धोरण, व्हिएतनाम, किसिंजर असे विषय येत राहिले. चढत जाणारा संघर्ष त्या प्रेक्षकाच्या अनुभवात नव्हताच. परिणाम आधी आणि तयारी नंतर, असा तो उलटा क्रम होता.

त्या भागाच्या अखेरीस फ्रॉस्ट यांनी हातातली टिपणे बाजूला ठेवली आणि तीन गोष्टी मागितल्या : केवळ चुका नव्हे तर गैरकृत्य घडले, सत्तेचा दुरुपयोग झाला आणि लोकांना दोन वर्षे विनाकारण यातना भोगाव्या लागल्या, हे निक्सन यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावे. निक्सन यांचे उत्तर लांब, वळणावळणाचे होते. आपण आपल्या मित्रांचा, देशाचा, राज्यव्यवस्थेचा आणि सरकारात येऊ पाहणाऱ्या तरुणांच्या स्वप्नांचा अपेक्षाभंग केला आणि हे ओझे आपल्याला जन्मभर वाहावे लागेल, असे ते म्हणाले. पण कायद्याच्या अर्थाने आपण गुन्हा केला नाही, हेही त्यांनी सोडले नाही. आपल्या सर्वांत वाईट चुका डोक्याच्या नसून हृदयाच्या होत्या, असे त्यांचे सांगणे. विरोधकांच्या हाती तलवार मीच दिली, त्यांनी ती खुपसली आणि चवीने फिरवली. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केले असते, हेही त्याच मुलाखतीतले.

मराठीत यासाठी आपल्यापाशी निरनिराळे शब्द आहेत आणि ते येथे उपयोगी पडतात. कबुलीला कर्म लागते. ती कशाची तरी असते. माफी मागणारा निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवतो. दिलगिरी व्यक्त करणारा तो स्वतःपाशी राखतो. म्हणूनच रेल्वेची घोषणा आणि सरकारी पत्रक दोन्ही दिलगीर असतात, क्षमाप्रार्थी क्वचितच. पश्चात्ताप आतला; त्याला साक्षीदार लागत नाही. निक्सन यांचे त्या रात्रीचे बोलणे या चार शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत फिरत राहते. परिणामांची कबुली आहे, कृत्याची नाही. दुःख आहे आणि ते खोटे वाटत नाही. पण त्या दुःखाचा विषय बव्हंशी निक्सन हाच आहे.

प्रेक्षकाने हे ओळखले. गॅलप संस्थेच्या पाहणीत ६९ टक्के लोकांना निक्सन अजूनही झाकपाक करीत आहेत असे वाटले, ७२ टक्क्यांनी त्यांना न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल दोषीच मानले, तर ७५ टक्क्यांच्या मते सार्वजनिक जीवनात त्यांना पुन्हा स्थान असता कामा नये. हे आकडे आम्हांला एखाद्या उत्तम समीक्षेसारखे वाटतात. एवढा जवळून दाखवलेला चेहरा, एवढा भरून आलेला आवाज, आणि तरीही तीन-चतुर्थांश माणसे संहितेपाशी टिकून राहिली : हा माणूस काय म्हणाला आणि काय म्हणाला नाही. करुणा वाटणे आणि पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्या प्रेक्षकाने कोणत्याही शास्त्राच्या मदतीवाचून केला.

हे चित्रण सुरू झाले त्याच आठवड्यात आपल्याकडे आणीबाणी औपचारिकरीत्या उठली आणि मोरारजी देसाई पंतप्रधान झाले, हा योगायोग भारतीय वाचकाला जाणवल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे फ्रॉस्ट नव्हता, शाह आयोग होता. आणि जानेवारी १९७८ मध्ये इंदिरा गांधींनी त्याच्यासमोर शपथेवर साक्ष देण्याचे नाकारले. त्याच महिन्यात यवतमाळच्या जाहीर सभेत मात्र त्यांनी आणीबाणीतील अतिरेकांची जबाबदारी स्वतःवर घेतली. आणीबाणी लादणेच चूक होते, असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत. निक्सन यांच्याप्रमाणेच परिणाम पत्करले, कृत्य नाही. फरक श्रोत्यांत होता. यवतमाळचा श्रोता मैदानात बसलेला होता, त्याच्याकडे टाळी होती आणि पुढे मतपत्रिका होती. १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या. निक्सन यांच्या प्रेक्षकाला मत द्यायचेच नव्हते. त्याच्याजवळ केवळ मत होते, तेवढेच गॅलपने मोजले.

आणि ते टिकले नाही. निक्सन पुस्तके लिहीत गेले, पुढच्या अध्यक्षांना सल्ले देत गेले. एप्रिल १९९४ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला तेव्हाच्या अध्यक्षांसह सर्व हयात माजी अध्यक्ष उपस्थित होते. ७५ टक्क्यांचा कौल सतरा वर्षांत असा विरून गेला. मॉर्गन यांचे नाटक २००६ मध्ये लंडनला रंगमंचावर आले तेव्हा मूळ प्रेक्षकाची ती कोरडी, सावध प्रतिक्रिया कोणाच्या फारशी स्मरणात नव्हती; नाटककाराला जागा मोकळी होती.

ती त्यांनी कौशल्याने भरली. मध्यरात्री दारूच्या अमलात निक्सन फ्रॉस्टना फोन करतात, हा नाटकातला सर्वांत प्रभावी प्रवेश संपूर्णपणे कल्पित आहे. त्याला आमची हरकत नाही. 'घाशीराम कोतवाल'वरून झालेला गदारोळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नाटककाराकडे दाखल्यांची मागणी करण्यातला धोका समजावून सांगण्याची गरज नाही. हरकत आहे ती वेगळ्या ठिकाणी. पत्रकार एलिझाबेथ ड्रू यांनी चित्रपटानंतर कठोर शब्दांत दाखवून दिले की, मूळ मुलाखतीतले हुलकावणीचे बोलणे कापून-जोडून त्याची सरळ कबुली करण्यात आली आहे. असे का करावे लागले, याचे उत्तर आम्हांला शोकांतिकेच्या रचनेत दिसते. ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेले विरेचन साधायचे तर नायकाला स्वतःच्या अपराधाची ओळख पटावी लागते. मूळ निक्सनना ती पटली नाही, म्हणून मूळ प्रेक्षकाचे विरेचनही झाले नाही. नाटकाने नायक बदलला आणि त्याबरोबर, कोणाच्या लक्षात न येता, प्रेक्षकही बदलला. संशोधक जेम्स रेस्टन यांचे पात्र निवेदक होऊन आपल्याला सांगते की त्या एका चेहऱ्याने सारे काम केले. गॅलपने विचारलेल्या माणसांपैकी ६९ टक्के लोकांनी तोच चेहरा पाहिला होता.

या मुलाखतीतले आज सर्वाधिक उद्धृत होणारे वाक्य तर ४ मेच्या भागात नव्हतेच. अध्यक्षाने एखादी गोष्ट केली, की ती बेकायदा नसते, अशा अर्थाचे ते वाक्य त्याच महिन्यातल्या पुढच्या एका भागात आले. संदर्भ वॉटरगेटचा नव्हता; युद्धविरोधी गटांवर पाळत ठेवणे, टपाल फोडणे, घरफोडी करणे यांना मुभा देऊ पाहणाऱ्या १९७० च्या ह्यूस्टन योजनेचा होता. १ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांच्या अधिकृत कृत्यांना फौजदारी कारवाईपासून व्यापक संरक्षण दिले, तेव्हा अनेकांना हेच वाक्य आठवले. कृत्य बेकायदा नसणे आणि त्याबद्दल खटला न चालणे यांत अंतर आहे, पण स्मरणाला असल्या अंतराचे सोयरसुतक नसते. चित्रपटात हे वाक्य उचलून वॉटरगेटच्या निर्णायक फेरीत बसवले आहे, जणू कोंडीत सापडलेल्या माणसाच्या तोंडून ते निसटले. मूळ चित्रफीत पाहावी. तेथे निक्सन घामेजलेले नाहीत, खचलेले नाहीत. शांतपणे, कायद्याचा एखादा प्राध्यापक मुद्दा उलगडून सांगतो तसे ते सांगत आहेत.