मुरुम नगरपरिषद : सुरक्षा-सेवकांचे कल्याण व पशुसेवा यांची आर्थिक तरतूद

आग, रोगराई व अस्वच्छता यांपासून नागरिकांचे रक्षण करणाऱ्या सेवकवर्गाच्या आरोग्यासाठी, त्याचप्रमाणे गावातील मोकाट व पाळीव जनावरांच्या नियमनासाठी आणि निगेसाठी, नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातून वा शासकीय अनुदानातून जो खर्च होतो, त्याचा अंतर्भाव या विषयात होतो. मुरुम हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील, कर्नाटकाच्या सरहद्दीजवळचे लहान नगर असून तेथील नगरपरिषद 40,000 पर्यंत लोकसंख्येच्या ‘क’ वर्गात मोडते.

पूर्वपीठिका : हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला व 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. राज्यातील लहानमोठ्या नगरांचा कारभार ज्या कायद्याने चालतो, त्या 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने आग विझविणे आणि आगीच्या प्रसंगी जीवित व मालमत्ता वाचविणे ही नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये ठरविली. पुढे 1 जून 1993 रोजी अंमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने संविधानास जी बारावी अनुसूची जोडली, तिच्या 18 विषयांत अग्निशमन सेवा सातव्या स्थानी, तर कोंडवाडे व प्राण्यांना होणाऱ्या क्रूर वागणुकीस प्रतिबंध हा विषय पंधराव्या स्थानी आहे. त्याच वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे हादरले, हजारो माणसे दगावली, आणि संकटकाळी धावून जाणारे प्रशिक्षित मनुष्यबळ गावाच्या हाकेच्या अंतरावर असणे किती निकडीचे आहे, हे उमरगा तालुक्याने प्रत्यक्ष अनुभवले.

उत्पन्नाची साधने : घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारातील बैठकीची वसुली आणि गाळ्यांचे भाडे ही स्वतःची मिळकत, तिला शासनाच्या सहायक अनुदानाची जोड. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये बंद झाल्यापासून लहान नगरांचा खजिना या अनुदानावर अधिकच अवलंबून राहिला. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या कालावधीसाठी दहा लाखांहून कमी वस्तीच्या नगरांना दिलेल्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिली. उरलेली 40 टक्के रक्कम स्थानिक गरजांसाठी मोकळी असली, तरी ती वेतनावर व आस्थापनेवर खर्च करता येत नाही. अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी केंद्राने 2023 मध्ये 5,000 कोटी रुपयांची योजना आखली, परंतु ती राज्यांमार्फत राबवावयाची आहे.

सेवकवर्ग : पोलीस दल राज्याच्या गृहखात्याखाली येते, त्याच्या वेतनाचा व पोलीस कल्याण निधीचा भार नगरपरिषदेवर पडत नाही. नगरपरिषदेच्या वाट्याला येतात ते अग्निशमनाचे जवान, बंबाचे चालक, सफाई कामगार आणि त्यांचे मुकादम. मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी झालेल्या स्फोटात प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मात्र स्मरणाबरोबरच जिवंत जवानाची वार्षिक तपासणी, विमा, संरक्षक पोशाख व पुरेशी विश्रांती यांसाठी तरतूद होणे हेच त्या दिवसाचे खरे सार्थक होय. गटारात व कचऱ्यात राबणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांना व त्वचेला होणारे विकार हे त्याच्या कामाचेच अपत्य असल्याने त्यांच्या उपचाराचा खर्चही कामाचाच खर्च मानला पाहिजे. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत भविष्यनिर्वाह निधीचा भरणा झाल्याची खातरजमा बिल मंजूर होण्यापूर्वी करणे आवश्यक ठरते.

पशुसेवा : मोकाट गुरे कोंडवाड्यात घालून, दंड व चारापाण्याचा खर्च मालकाकडून वसूल करावा आणि मुदतीत दावेदार न आल्यास लिलाव करावा, ही पद्धत 1871 च्या गुरे-अतिक्रमण अधिनियमापासून रूढ आहे. मात्र दंडाच्या वसुलीवर कोंडवाड्याचा खर्च क्वचितच भागतो. भटक्या कुत्र्यांविषयी 2001 चे नियम रद्द करून 10 मार्च 2023 रोजी नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू झाले. निर्बीजीकरण व रेबीज प्रतिबंधक लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडण्याची जबाबदारी त्यांनी स्थानिक संस्थेवर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात हीच दिशा कायम ठेवली, पिसाळलेली व आक्रमक कुत्री मात्र तिच्यातून वगळली. शस्त्रक्रियागृह, पशुवैद्य आणि कुत्री ठेवण्याचे पिंजरे यांचा खर्च एकट्या लहान नगरास न पेलणारा असल्यामुळे शेजारच्या नगरपरिषदांनी मिळून एकच केंद्र चालविणे व्यवहार्य ठरते. आजारी जनावरांवर उपचार करणारे पशुवैद्यकीय दवाखाने राज्य शासन व जिल्हा परिषद यांच्याकडे आहेत. ज्या उमरगा परिसराचा उस्मानाबादी शेळीच्या मूळ पट्ट्यात समावेश होतो, तेथील शेतकऱ्यास या दवाखान्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मूल्यमापन : महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि दुर्बल घटक यांच्यासाठी प्रत्येकी पाच टक्के निधी राखून ठेवण्याची पद्धत शासन निर्णयांनी नगरपरिषदांत रुजविली, आणि त्यामुळे हे विषय अंदाजपत्रकातून वगळणे दुरापास्त झाले. सेवकांचे आरोग्य आणि पशुसेवा यांना असे राखीव शीर्ष नाही. इतर खर्च भागल्यावर जे उरेल त्यावर त्यांची बोळवण होते. कर्तव्य कायद्याने सोपवावे आणि पैसा मात्र शिलकीवर सोडावा, ही व्यवस्था न्याय्य नव्हे. या दोन विषयांसाठी अल्प का होईना, पण स्वतंत्र व निश्चित हिस्सा अंदाजपत्रकात बांधून दिला जाईपर्यंत मुरुमसारख्या नगरांत बाराव्या अनुसूचीतील अग्निशमन व कोंडवाडे हे दोन विषय अपुरेच राहतील.