माहिती सापडते की घडवली जाते?

मानवी वर्तनाचा अभ्यासक प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण किंवा सरकारी नोंदी यांच्या आधारे माहिती जमवतो. यांपैकी कोणता मार्ग निवडायचा, हा वरवर पाहता सोयीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः त्या निवडीत दोन तात्त्विक प्रश्नांची उत्तरे गृहीत धरलेली असतात : सामाजिक वास्तव म्हणजे काय आणि ते आपल्याला कळते कसे?

ऑग्युस्त काँत याच्या प्रत्यक्षार्थवादानुसार निसर्गाप्रमाणे समाजालाही नियम असतात आणि ते निरीक्षणाने शोधता येतात. एमिल डरखाईम याने १८९७ मध्ये ‘आत्महत्या’ हा ग्रंथ याच भूमिकेतून लिहिला. युरोपीय देशांच्या सरकारी आकडेवारीवरून त्याने आत्महत्येचे प्रमाण आणि सामाजिक एकात्मता यांचा संबंध दाखवला.

याउलट मॅक्स वेबर याच्या मते कृतीचा अभ्यास म्हणजे कर्त्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाचे आकलन. हा अन्वयार्थवादी विचार पुढे नेत जॅक डग्लस याने १९६७ मध्ये डरखाईमच्या आधारसामग्रीवरच बोट ठेवले. मृत्यूला ‘आत्महत्या’ ठरवतो तो अधिकारी. कुटुंबीय ती लपवूही शकतात. म्हणजेच आकड्यात घटनेबरोबर कोणाचा तरी निर्णयही नोंदला जातो.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार देशात २०१३ मध्ये शेतीवर उपजीविका करणाऱ्या ११,७७२ जणांनी आत्महत्या केली. २०१४ मध्ये शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० वर आला. संकट निम्म्याने ओसरले काय? नाही. त्या वर्षापासून शेतमजुरांची वेगळी वर्गवारी सुरू झाली आणि तीत ६,७१० मृत्यू नोंदले गेले. व्याख्या बदलली, आकडा बदलला. महाराष्ट्रात तर सरकारी मदतीसाठी अशा मृत्यूंची ‘पात्र’ व ‘अपात्र’ अशी विभागणी होते. या एका शब्दावर मागे राहिलेल्या कुटुंबाची मदत अवलंबून असते.

म्हणून आकडे टाकाऊ ठरत नाहीत. समस्येची व्याप्ती त्यांच्याशिवाय कळत नाही. तिचा अर्थ मात्र संबंधितांशी बोलल्याविना उलगडत नाही. अनेक संशोधक आज दोन्ही पद्धतींची सांगड घालतात. वाचकानेही कोणताही आकडा स्वीकारण्यापूर्वी विचारावे : हे कोणी मोजले, कोणत्या व्याख्येने आणि मोजणीबाहेर कोण राहिले?